कच्च्या नेतृत्वाच्या खुणा

कोणत्याही कचेरीत सकाळी अकराच्या सुमारास एक दृश्य हटकून दिसते. हातात फाईल घेतलेला कारकून साहेबांच्या खोलीच्या दाराशी येतो, क्षणभर थबकतो आणि बाहेर स्टुलावर बसलेल्या शिपायाला हलक्या आवाजात विचारतो, "आज साहेबांचा मूड कसा आहे?" शिपाई तोंडाने काही बोलत नाही, नुसती मान हलवतो. त्या मान हलवण्यावर फाईल आत जाते किंवा आल्या पावली मागे फिरते. हा प्रसंग इतका नित्याचा आहे की, त्यात कोणाला वावगे असे काही वाटत नाही. झालीच तर थोडी करमणूक होते. परंतु मागे फिरलेल्या त्या फाईलमध्ये काय होते, हे सहसा कोणी विचारीत नाही. तिच्यात रजेचा अर्ज असेल तर फारसे बिघडत नाही. पण तिच्यात पुलाला गेलेल्या तड्याची नोंद असेल, औषधाच्या साठ्यातील तुटीचा आकडा असेल किंवा एखाद्या यंत्राचा भाग झिजल्याची सूचना असेल, तर शिपायाच्या त्या मान हलवण्याची किंमत फार मोठी होऊन बसते.

वाईट अधिकारी कोणता, असे विचारले तर बहुतेक जण त्याच्या स्वभावाकडे बोट दाखवतील. तो तापट आहे, चारचौघांत अपमान करतो, आपल्या मर्जीतल्या माणसांना पुढे आणतो, दुसऱ्याच्या कामाचे श्रेय घेतो, अशी यादी कोणीही सांगेल. हे दोष आहेतच आणि त्यांचा जाच ज्यांना सोसावा लागतो त्यांचे दुःखही खरे आहे. तथापि स्वभावावरून केलेली ही परीक्षा पुष्कळदा फसते. कडक शिस्तीचे, क्वचित जिभेला धार असलेले अधिकारी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हेही ठाऊक असते की, त्यांच्यापैकी काहींच्या हाताखाली कामे चोख झाली आणि माणसेही तयार झाली. उलटपक्षी, गोड बोलणारे, सर्वांच्या पाठीवरून हात फिरवणारे, कोणालाही न दुखावणारे असे गृहस्थ एखाद्या संस्थेच्या प्रमुखपदी येतात आणि पाच वर्षांत ती संस्था आतून पोखरून निघते. म्हणून नेतृत्व कच्चे की पक्के हे ठरवण्यासाठी स्वभावापेक्षा अधिक खात्रीची कसोटी हवी. अप्रिय सत्य त्या माणसापर्यंत पोहोचते काय, आणि पोहोचल्यावर त्याचे आणि ते सांगणाऱ्याचे पुढे काय होते, ही ती कसोटी होय.

ह्या कसोटीचा अर्थ नीट ध्यानात यावा म्हणून एका सुप्रसिद्ध दुर्घटनेकडे वळणे उपयुक्त ठरेल. तिची इतकी बारकाईने चौकशी झाली आहे की, दाराआड काय घडले हे जगाला जवळजवळ शब्दशः कळले. कोठल्याही कामाच्या ठिकाणी ही संधी क्वचितच मिळते.

२८ जानेवारी १९८६ ह्या दिवशी अमेरिकेतील फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरून 'चॅलेंजर' हे अंतराळयान उडाले आणि उड्डाणानंतर अवघ्या ७३ सेकंदांनी आकाशात त्याचे तुकडे झाले. यानातील सातही जण मृत्यू पावले. त्यांत ख्रिस्टा मॅकॉलिफ ही शाळाशिक्षिका होती. अंतराळातून ती मुलांना धडा देणार होती आणि म्हणून देशभरातील शाळांतून ते उड्डाण मुलांना दाखवले जात होते. यानाला वर रेटणारे जे दोन अग्निबाण बाजूंना जोडलेले असत, ते अनेक खंड एकावर एक बसवून तयार केलेले असत. दोन खंडांच्या सांध्यातून आतला तप्त वायू बाहेर फुटू नये म्हणून तेथे रबराची दोन कडी बसवलेली असत. ती जेमतेम पाव इंच जाडीची होती. थंडीने हे रबर ताठरले, सांधा पुरता मिटला नाही, त्यातून ज्वाला बाहेर पडली आणि पुढचा अनर्थ झाला.

आता विशेष हे की, ही गोष्ट कोणाला ठाऊक नव्हती असे नाही. अग्निबाण बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल ह्या कंपनीतील अभियंत्यांना ती ठाऊक होती. एक वर्ष आधी, जानेवारी १९८५ मध्ये, थंड हवेत झालेल्या एका उड्डाणानंतर परत मिळालेल्या अग्निबाणाची तपासणी करताना रॉजर बोझोले ह्या अभियंत्याला दोन कड्यांच्या मधल्या जागेत काजळी आढळली होती. पहिले कडे ओलांडून तप्त वायू आत शिरला होता, असा तिचा अर्थ होता. जुलै १९८५ च्या अखेरीस त्याने कंपनीच्या वरिष्ठांना लेखी कळवले की, ह्या सांध्याचा प्रश्न तातडीने हाती घेतला नाही तर मनुष्यहानी होईल. त्यावर एक गट नेमण्यात आला; परंतु त्या गटाला माणसे, साहित्य आणि अधिकार पुरेसे मिळाले नाहीत. कागदोपत्री उपाय झाला होता आणि सांधा जसा होता तसाच राहिला होता.

उड्डाणाच्या आदल्या रात्री फ्लोरिडात कडाक्याची थंडी पडणार असा अंदाज आला. तेव्हा यूटामधील कंपनी, अलाबामामधील 'नासा'चे मार्शल केंद्र आणि फ्लोरिडातील उड्डाणतळ ह्या तीन ठिकाणच्या मंडळींची दूरध्वनीवरून बैठक झाली. आजवर सर्वांत थंड असे जे उड्डाण झाले, त्या वेळी सांध्याचे तापमान सुमारे १२ अंश सेल्सिअस होते. त्याहून कमी तापमानात उड्डाण करू नये, असा सल्ला अभियंत्यांनी दिला. मार्शल केंद्रातील अधिकाऱ्यांना तो रुचला नाही. उड्डाण अगोदरच अनेकदा पुढे ढकलले गेले होते. मग आम्ही उड्डाण करायचे तरी केव्हा, एप्रिलमध्ये काय, अशा आशयाचा एक त्रासिक प्रश्न पलीकडून आला. कंपनीच्या मंडळींनी आपसांत विचार करण्यासाठी पाच मिनिटे मागून घेतली. त्या पाच मिनिटांची तीस झाली. त्या वेळात एका अभियंत्याने कागदावर सांध्याची आकृती काढून पुन्हा समजावून सांगितले. बोझोलेने काजळीची छायाचित्रे पुढे ठेवली. ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावरून त्यांनी ओळखले की, आता ऐकले जात नाही, आणि ते आपापल्या जागी जाऊन बसले. मग तेथील प्रमुख अधिकाऱ्याने अभियांत्रिकी विभागाच्या उपाध्यक्षाला सांगितले की, अभियंत्याची टोपी काढ आणि व्यवस्थापकाची टोपी घाल. मत फक्त चार व्यवस्थापकांचे घेण्यात आले. ते उड्डाणाच्या बाजूने पडले.

बैठक पुन्हा जोडली गेली, तेव्हा कोणाला काही वेगळे म्हणावयाचे आहे काय, असे रीतसर विचारण्यात आले. कोणीही बोलले नाही. उड्डाणतळावर हजर असलेला कंपनीचा प्रतिनिधी ॲलन मॅक्डोनल्ड ह्याने संमतिपत्रावर सही करण्याचे नाकारले. तेव्हा ती सही यूटाहून दुसऱ्याने करून पाठवली. आणि अभियंत्यांनी विरोध केला होता ही गोष्ट उड्डाणाचा अंतिम निर्णय ज्यांच्या हाती होता त्या वरिष्ठांच्या कानांवर गेलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उड्डाणतळावर बर्फाच्या कांड्या लोंबत होत्या.

ह्या कथेत खलपुरुष शोधू गेले तर तो सापडत नाही. ती सारी माणसे शिकलेली, अनुभवी आणि कामसू होती. कोणाचाही हेतू दुष्ट नव्हता. आणि म्हणूनच ही घटना कचेरी, कारखाना, शाळा, रुग्णालय, पतपेढी अशा कोणत्याही ठिकाणी आरशासारखी उपयोगी पडते. त्या आरशात कच्च्या नेतृत्वाच्या काही खुणा स्पष्ट दिसतात.

पहिली खूण बैठकीतील शांततेची. जेथे प्रमुख बोलल्यावर सारे माना डोलावतात, जेथे "कोणाची काही हरकत?" ह्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही आणि त्या उत्तर न मिळण्यालाच एकमत समजले जाते, तेथे काहीतरी बिघडले आहे असे खुशाल समजावे. दहा माणसांचे दहा प्रकारचे अनुभव असताना प्रत्येक विषयावर त्यांचे एकच मत होणे हे स्वाभाविक नाही. ही माणसे बैठकीत गप्प असतात आणि जिन्यात, चहाच्या टपरीवर किंवा घरी जाताना बसमध्ये तोच विषय तावातावाने बोलतात. ज्या कार्यालयातील खरी चर्चा चहाच्या टपरीवर होते, त्या कार्यालयाच्या प्रमुखाने आपल्या खुर्चीविषयी विचार करावयास हवा. त्याच्यापुढे येणारी माणसे खोटे बोलत असतातच असे नाही. पण ती अर्धे सांगतात, आणि नेमके उरलेल्या अर्ध्यातच धोका असतो.

दुसरी खूण पुराव्याच्या उलट्या ओझ्याची. धोका नाही हे आधी सिद्ध व्हावे आणि मग पाऊल उचलावे, हा सुरक्षिततेचा साधा नियम होय. त्या रात्री हा नियम उलटा झाला. उड्डाण सुरक्षित आहे हे कोणी सिद्ध करावयाचे नव्हते. ते असुरक्षित आहे हे अभियंत्यांनी सिद्ध करावयाचे होते, आणि तेही काही तासांच्या आत, हाताशी असलेल्या अपुऱ्या आकड्यांवरून. आपल्याकडील कचेरीत हेच वेगळ्या भाषेत चालते. बॉयलरचा आवाज वेगळा येतो असे कामगार सांगतो, तेव्हा "तू काय इंजिनिअर लागून गेलास?" असे उत्तर मिळते. हिशेबात काही जुळत नाही असे नवा कारकून म्हणतो, तेव्हा "लेखी दे, पुरावा दे" असे त्याला बजावले जाते. शंका घेणाऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे हे दुबळ्या अधिकाऱ्याचे आवडते शस्त्र आहे. समर्थ अधिकारी शंकेबद्दल उपकार मानतो आणि तिची शहानिशा करण्याचे काम स्वतःकडे घेतो.

तिसरी खूण सर्वांत फसवी आहे, कारण ती हळूहळू अंगवळणी पडते. 'चॅलेंजर'चे ते उड्डाण ह्या यानमालिकेतील पंचविसावे होते. त्याआधीच्या काही उड्डाणांत कडी थोडी जळालेली आढळली होती. मूळ आराखड्याप्रमाणे ती मुळीच जळावयास नको होती. पण याने सुखरूप परत आली, म्हणून थोडे जळणे चालते असे ठरले. पुढे थोडे अधिक जळाले, तेही चालते असे ठरले. डायन व्हॉन ह्या समाजशास्त्रज्ञ विदुषीने १९९६ साली ह्या निर्णयावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि नियमभंगच नियम होऊन बसण्याच्या ह्या प्रक्रियेकडे जगाचे लक्ष वेधले. तिने दाखवून दिले की, त्या संस्थेत कोणी एका दिवशी जाणूनबुजून मोठा नियम मोडला नव्हता. लहान लहान सवलतींची पायरीपायरीने रास झाली होती. ही रास आपल्या आसपासही दिसते. अग्निशामक नळकांड्याची मुदत संपून वर्ष झाले, पण आग काही लागली नाही. मागच्या दाराला कुलूप असते, पण अडचण काही आली नाही. दोघांच्या सह्या हव्यात तेथे एकाच्याच सहीवर पैसे निघतात, पण अफरातफर काही झाली नाही. 'काही झाले नाही' हे तीन शब्द जेथे कारण म्हणून पुरे पडतात, तेथे नेतृत्व झोपी गेलेले असते. नशिबाने दिलेली सूट ही व्यवस्थेची शाबासकी नव्हे.

चौथी खूण टोपी बदलावयास लावण्याची. माणूस ज्या ज्ञानासाठी नेमला गेला, तेच ज्ञान बाजूला ठेवून त्याने निर्णय द्यावा अशी अपेक्षा धरणे, ही अधिकाराची मोठी विटंबना होय. डॉक्टरला खाटांचा हिशेब आधी पाहावयास सांगणे, शिक्षकाला निकालाची टक्केवारी आधी पाहावयास सांगणे, लेखापरीक्षकाला संस्थेची अब्रू आधी पाहावयास सांगणे, ही त्याच टोपीची निरनिराळी रूपे आहेत. अशा वेळी आज्ञा बहुधा तोंडी असते आणि जबाबदारी मात्र लेखी. काम फत्ते झाले तर आज्ञा देणारा पुढे येतो. बिघडले तर ज्याची सही असते तो सापडतो. म्हणून ज्या ठिकाणी नाजूक आदेश नेहमी तोंडीच मिळतात आणि कागदावर फक्त 'चर्चा करावी' असा शेरा उरतो, तेथील खालच्या माणसाने सावध असावे.

ह्या साऱ्या खुणांचा परिणाम वरच्या माणसावर कसा होतो, हे रिचर्ड फाइनमन ह्या नामवंत पदार्थवैज्ञानिकाने दाखवून दिले. दुर्घटनेच्या चौकशीसाठी अध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाचा तो सदस्य होता. भर बैठकीत त्याने त्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला आणि थंडीत ते चटकन पूर्ववत होत नाही हे सर्वांसमक्ष दाखवले. हा प्रयोग पुष्कळांना ठाऊक आहे. पण त्याने केलेले दुसरे एक निरीक्षण नेतृत्वाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. यान निकामी होण्याची शक्यता किती, असे त्याने वेगवेगळ्या पातळ्यांवरील लोकांना विचारले. प्रत्यक्ष काम करणारे अभियंते म्हणत, सुमारे शंभरात एक; वरचे व्यवस्थापक म्हणत, लाखात एक. एकाच संस्थेत, एकाच यंत्राविषयी, मधल्या काही मजल्यांत धोका हजारपटीने लहान झाला होता. तो खोटेपणाने लहान झाला नव्हता. प्रत्येक पायरीवर प्रत्येकाने बातमी थोडी थोडी गोड केली होती, इतकेच. खालून निघालेली कडू गोळी वर पोहोचेपर्यंत साखरेचा खडा झाली होती.

पाचवी आणि शेवटची खूण दुर्घटनेनंतर दिसते. ज्याने आधी सांगितले होते, त्याचे पुढे काय झाले? मॅक्डोनल्डने आदल्या रात्रीचा विरोध आयोगापुढे उघड केला. त्याबद्दल कंपनीने त्याला त्याच्या जागेवरून खाली उतरवले. अमेरिकेच्या संसदेतून दबाव आला, तेव्हा त्याला अधिकार परत मिळाले आणि सदोष सांध्याची नवी रचना करण्याचे काम त्याच्याकडेच सोपवण्यात आले. ते झाल्यावर सप्टेंबर १९८८ मध्ये याने पुन्हा उडू लागली. खरे बोलणाऱ्याला शिक्षा झाली की, तिची बातमी कोणत्याही परिपत्रकापेक्षा वेगाने सर्व खोल्यांत पोहोचते, आणि मग पुढच्या वेळी फाईल दारातूनच मागे फिरते.

पुढची वेळ आलीही. सतरा वर्षांनी, १६ जानेवारी २००३ रोजी, 'कोलंबिया' हे यान उडताना त्याच्या इंधनटाकीवरील फेसाचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. किती इजा झाली हे पाहण्यासाठी अंतराळातील यानाची छायाचित्रे घ्यावीत, असे अभियंत्यांनी सुचवले. ती घेतली गेली नाहीत. १ फेब्रुवारीला परतताना यान टेक्सासच्या आकाशात भंगले आणि हरयानातील कर्नालच्या कल्पना चावला हिच्यासह सात जण गेले. चौकशी मंडळाने स्पष्ट लिहिले की, फेसाचा तुकडा हे एक कारण आणि त्या संस्थेची कामाची रीत हे दुसरे, तितकेच खरे कारण. 'चॅलेंजर'च्या वेळचे दोष तेथे पुन्हा दिसत होते. सांधा बदलला होता. सवय बदलली नव्हती.

येथे एक आक्षेप येणे साहजिक आहे. प्रत्येक शंका ऐकत बसले तर एकही काम पुरे होणार नाही आणि प्रत्येक प्रमुखाला कधी ना कधी धोका पत्करावाच लागतो. हा आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे उत्तर आपल्याच देशातील एका उदाहरणात सापडते. १० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोटा येथून एसएलव्ही–३ ह्या भारतीय प्रक्षेपक यानाचे पहिले प्रायोगिक उड्डाण झाले. मोहिमेचे प्रमुख ए. पी. जे. अब्दुल कलाम होते. उड्डाणापूर्वी थोडा वेळ संगणकाने धोक्याचा इशारा देऊन प्रक्रिया थांबवली. तज्ज्ञांशी बोलून कलाम यांनी तो इशारा बाजूला सारला आणि उड्डाणाचा निर्णय घेतला. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणयंत्रणेतील गळतीमुळे यान भरकटले आणि उपग्रहासह बंगालच्या उपसागरात पडले. इशारा असताना पुढे जाण्याची चूक येथेही घडली होती. यानात माणसे नव्हती हे भाग्य; परंतु अनेक वर्षांचे श्रम पाण्यात गेले होते आणि बाहेर वार्ताहर उभे होते.

त्या वेळी अवकाश संशोधन संस्थेचे अध्यक्ष प्रा. सतीश धवन होते. त्यांनी कलामांना पुढे केले नाही. वार्ताहरांसमोर ते स्वतः जाऊन बसले, अपयशाची जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतली आणि आपल्या सहकाऱ्यांवर आपला विश्वास आहे असे सांगितले. मग दोषाचा शोध घेण्यात आला, तो दुरुस्त झाला आणि १८ जुलै १९८० रोजी त्याच जातीच्या यानाने 'रोहिणी' हा उपग्रह कक्षेत नेऊन सोडला. त्या दिवशीही वार्ताहर जमले होते. धवन मागे राहिले आणि वार्ताहरांशी बोलावयास त्यांनी कलामांना पाठवले. ही हकिगत कलाम यांनीच पुढे राष्ट्रपती झाल्यावर आणि त्यानंतरही अनेक भाषणांतून सांगितली. आपण चूक केली होती हेही ते मोकळेपणाने सांगत, आणि असे सांगता येणे हेच त्या नेतृत्वाचे फळ होते. जेथे चूक कबूल केल्याने माणूस संपत नाही, तेथेच चूक उघड होते. आणि उघड झालेली चूकच दुरुस्त होऊ शकते.

हा विचार परका किंवा नवा आहे असे समजण्याचे कारण नाही. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकून यांना उद्देशून पाठवलेले त्यांचे एक पत्र मराठी वाचकांना परिचित आहे. घोड्यांसाठी जमवलेले दाणागवत आताच मनास येईल तसे उधळले तर ऐन पावसाळ्यात ते मिळणार नाही, घोडी मरतील. मग लष्करचे लोक कुणब्यांच्या घरांतून धान्य, भाजी, लाकूड उचलू लागतील आणि रयतेला मोगल परवडले असे वाटेल, असे त्यात बजावले आहे. रात्री दिवा जळत राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, इतक्या बारीक गोष्टीचीही सूचना आहे. ह्या पत्रात दोन गोष्टी डोळ्यांत भरतात. एक, आज्ञेबरोबर तिचे कारणही सांगितलेले आहे. दुसरी, उंदराने नेलेल्या वातीसारखी गोष्ट राज्यातील सर्वोच्च पुरुषाच्या ध्यानात आहे. पागेतील आणि गवताच्या गंजीपाशी वावरणाऱ्या माणसाचे अनुभव त्या स्थानापर्यंत पोहोचत असल्याखेरीज असे लिहिता येणे कठीण. एकीकडे जेमतेम पाव इंची रबराची वार्ता वर पोहोचत नाही आणि दुसरीकडे दिव्याच्या वातीची वार्ता पोहोचते. अंतर पडते ते एवढ्यातच.

तेव्हा हाताखाली काम करणाऱ्याने काय पाहावे? प्रथम स्वतःचा रुसवा आणि खरा धोका ह्यांत फरक करावा. आपली सूचना मान्य झाली नाही म्हणजे नेतृत्व वाईट, असे होत नाही. ती ऐकली गेली काय, नाकारण्याचे कारण दिले गेले काय, आणि आपल्यानंतर दुसऱ्याला तशीच सूचना करावीशी वाटली काय, हे पाहावे. धोका खरा असेल तर तो आकड्यांनिशी, थोडक्यात आणि लेखी मांडावा, आणि तो शक्यतो एकट्याने न मांडता दोघातिघांनी मिळून मांडावा. एकट्याच्या शंकेला हट्ट म्हणून बाजूला सारता येते. चार जणांची नोंद फाडून टाकणे कठीण असते. त्या रात्री अभियंत्यांनी बहुतेक सारे केले. कमी पडले ते एवढेच की, शेवटचा प्रश्न विचारला गेला तेव्हा ते गप्प राहिले. त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. दोनदा न ऐकल्या गेलेल्या माणसाने तिसऱ्यांदा बोलावे ही अपेक्षा मोठी आहे. पण ती अपेक्षा करावी लागू नये, अशी व्यवस्था ठेवणे हे तर खुर्चीवरील माणसाचेच काम.

आणि खुर्चीवरील माणसाने काय करावे? आपण रागीट आहोत की प्रेमळ, हा विचार त्याने थोडा बाजूला ठेवावा आणि आठवड्याच्या अखेरीस स्वतःला एकच प्रश्न विचारावा: ह्या आठवड्यात आपल्याला न आवडणारी अशी कोणती गोष्ट कोणी येऊन सांगितली? आठवून पाहता अशा दोनचार गोष्टी निघाल्या, तर कामकाज ठीक चालले आहे असे मानावयास हरकत नाही. एकही निघाली नाही, तर सर्व काही आलबेल आहे असा त्याचा अर्थ नसतो. अशा वेळी त्याने उठून दार उघडावे, बाहेर स्टुलावर बसलेल्या शिपायाला आत बोलवावे आणि आज दारातून किती फायली मागे फिरल्या, एवढेच त्याला विचारावे.